व्हीआय टाईप केलं की प्रत्येक मशीनवर वेगळंच काहीतरी उघडतं: एनव्हीआय, व्हिम, निओव्हिम, बिझीबॉक्स यांत नेमका फरक काय?

मिऱ्या_किनारा
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत काल रात्रीपासून पाऊस धरून बसलाय, त्यामुळे आज निवांत लिहायला वेळ आहे. मी घरून सर्व्हर सांभाळायचं काम करतो. माझ्या लॅपटॉपवर डेबियन आणि त्यात पूर्ण व्हिम, एका क्लायंटकडे फ्रीबीएसडी, दुसऱ्याकडे जुनं एआयएक्स, आणि घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे चार वेगवेगळ्या युनिक्स-लिनक्स सिस्टिम. सगळीकडे व्हीआय टाईप केलं की एडिटर उघडतो, डीडीने ओळ उडते, झेडझेडने सेव्ह होऊन बाहेर पडता येतं, इथपर्यंत सगळं छान. पण पुढे गंमत सुरू होते. लॅपटॉपवर यू दाबत गेलं की एकेक बदल मागे जातो. फ्रीबीएसडीवर एकदा यू दाबला की मागे आणि परत दाबला की तोच बदल पुन्हा हजर. एआयएक्सवरही तसंच. आणि एका नव्या बसवलेल्या डेबियन सर्व्हरवर तर इन्सर्टमध्ये, म्हणजे मजकूर टाईप करायच्या मोडमध्ये, असताना बाणाची कळ दाबली की ए बी सी डी अशी अक्षरं उमटतात आणि वर नवीन ओळ तयार होते.
मला नुसतं सेटिंग नकोय, ते शोधून मिळतं. हे असं का आहे ते समजून घ्यायचंय. आणि तिसरं म्हणजे इकडे लाईट आणि लाईन दोन्हींचा भरवसा नाही, तर एडिट करता करता कनेक्शन तुटलं तर कोणत्या एडिटरमध्ये किती काम वाचतं? जाणकारांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

हर्णै_जेटी
वाचतेय. ए बी सी डी वालं मला पण येतं, कॉलेजच्या लॅबमधे.

देवगडचा_आबा
चांगला विषय काढलास रे. मी मुंबईला नोकरीत होतो तेव्हा सिस्टिम फाईव्हवर टर्मिनलला बसून वर्षानुवर्षं मूळ व्हीआय वापरलाय, आता देवगडला आंब्याची कलमं बघतो पण हात अजून कर्सर हलवायच्या एचजेकेएल या कळांवरच जातो. थोडं मागून सांगतो कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.
युनिक्सचा पहिला एडिटर ईडी, केन थॉम्पसनने १९६९ साली लिहिलेला. एका वेळी एक ओळ, स्क्रीन वगैरे काही नाही, कागदावर छापणाऱ्या टेलिटाईपसाठीच तो. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कुलुरिस नावाच्या प्राध्यापकांनी त्यात सुधारणा करून ईएम नावाचा एडिटर केला होता. १९७६ च्या उन्हाळ्यात ते बर्कलीला गेले तेव्हा बिल जॉयने तो पाहिला, आणि त्यावरून जॉय आणि चक हेली यांनी मिळून एक्स (ईएक्स) हा ओळींचा एडिटर लिहिला. व्हीआय म्हणजे त्याच एक्सचा स्क्रीनभर दिसणारा अवतार. आजही व्हीआयमध्ये कोलन दाबून जे काही लिहिता ते सगळं एक्सचंच असतं. १९७८ च्या पहिल्या बीएसडीत, म्हणजे बर्कलीच्या युनिक्समध्ये, एक्स होता, आणि १९७९ च्या दुसऱ्या बीएसडीत व्हीआय या नावाने तो थेट सुरू करता यायला लागला.
आता महत्त्वाची गोष्ट. जॉय घरून काम करायचा तो ३०० बॉडच्या मॉडेमवरून. म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. पूर्ण स्क्रीन रंगवायला मिनिटभर लागायचं. म्हणून मूळ व्हीआयची प्रत्येक खोड ही कमीत कमी अक्षरं लाईनवरून पाठवायची या एका उद्देशातून आलेली आहे. सीडब्ल्यू केलं तर शब्द लगेच पुसला जात नाही, त्याच्या शेवटच्या अक्षरावर डॉलरचं चिन्ह येतं आणि तुम्ही वरून टाईप करत जाता. इन्सर्टमध्ये बॅकस्पेस मारला तर कर्सर मागे जातो पण अक्षर एस्केप दाबेपर्यंत स्क्रीनवर तसंच दिसत राहतं. लाईन ६०० बॉड किंवा त्याहून हळू असेल तर एडिटर फक्त आठ ओळींची खिडकी वापरतो, १२०० ला सोळा, आणि त्याच्या वर असेल तरच पूर्ण स्क्रीन. हे सगळं आपोआप. नवीन पोरांना हे विचित्र वाटतं पण त्या लाईनवर तुम्ही काम करून बघा, मग कळेल त्या माणसाने किती विचार केलाय.
टर्मिनल होतं लिअर सिग्लर कंपनीचं एडीएम ३ए. त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, वेगळ्या बाणांच्या कळा नव्हत्याच. आणि एस्केप होता आज जिथे टॅब असतो तिथे, करंगळीच्या हाताशी.

वेंगुर्ला_दीपगृह
आबांनी पाया घातलाय, मी पुढचं सांगतो. इतके प्रकार का झाले याचं कारण तांत्रिक कमी आणि लायसन्सचं जास्त आहे.
बिल जॉयच्या कोडमध्ये ईडीचा कोड होता आणि ईडी एटी अँड टीचा. त्यामुळे ज्याच्याकडे एटी अँड टीचं सोर्स लायसन्स नाही त्याला व्हीआय मिळायचा नाही. घरच्या कॉम्प्युटरवाल्यांनी मग स्वतःच लिहायला सुरुवात केली. १९८७ मध्ये टिम थॉम्पसनने अटारी एसटीसाठी स्टीव्ही लिहिला. १९९० मध्ये स्टीव्ह कर्कंडॉलने मिनिक्ससाठी एल्व्हिस लिहिला. त्याच सुमारास पॉल फॉक्सने मायक्रोईमॅक्सचा कोड घेऊन त्याला व्हीआयच्या सवयी शिकवल्या, तो व्हाइल. आणि बर्कलीवाल्यांना जेव्हा आपली बीएसडी एटी अँड टीच्या कोडपासून पूर्ण मोकळी करायची होती तेव्हा त्यांना स्वतःच्याच घरात जन्मलेला व्हीआय काढून टाकावा लागला. किथ बॉस्टिकने एल्व्हिसपासून सुरुवात करून एनव्हीआय तयार केला, ४.४ बीएसडीसाठी. त्याचा हट्ट असा की मूळ व्हीआयमध्ये जी खोड असेल ती खोडसुद्धा जशीच्या तशी यायला हवी. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी तिन्हींवर आजही व्हीआय म्हणजे एनव्हीआयच. मूळ कोड मोकळा झाला तो २००२ च्या जानेवारीत, कॅल्डेराने जुन्या युनिक्सचं लायसन्स सैल केलं तेव्हा. तोवर सगळ्या जगाचे हात दुसऱ्या एडिटरवर बसले होते. मग गुन्नार रिटरने तो मूळ व्हीआय नव्या यंत्रांवर चालेल असा केला, युनिकोडही घातलं त्यात.
आता तुझा यू. मूळ व्हीआयमध्ये एकच पायरी लक्षात ठेवली जायची. यू म्हणजे शेवटचा बदल उलटा कर, आणि यू हा सुद्धा एक बदलच, म्हणून दुसरा यू पहिल्याला उलटवतो. पॉझिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डमध्येही असंच लिहिलंय. एआयएक्सवर तुला दिसतंय ते हे. फ्रीबीएसडीवर दिसायला तसंच दिसतं पण आतून वेगळं आहे! एनव्हीआयला हवे तितके बदल आठवतात, फक्त मागे जात राहायला यू नाही, टिंब दाबायचा. एकदा यू, मग टिंब, टिंब, टिंब. परत पुढे यायचं तर एकदा यू दाबून दिशा बदलायची आणि पुन्हा टिंब. दोघांचे यू सारखेच वाटतात, पण फणस बाहेरून बघून कापा की बरका सांगता येत नाही तसं आहे, टिंब दाबून बघितल्यावरच कळतं हातात कोणता आलाय.

मिऱ्या_किनारा
भाऊ, टिंबाचं अजिबात माहीत नव्हतं! आत्ता फ्रीबीएसडीवर करून बघितलं, सरळ सकाळच्या पहिल्या बदलापर्यंत मागे गेला. आणि कंट्रोल-आर? लॅपटॉपवर त्याने पुढे येतो, फ्रीबीएसडीवर आणि राउटरवर नुसता स्क्रीन हलल्यासारखा होतो.

वेंगुर्ला_दीपगृह
कारण कंट्रोल-आर मुळात स्क्रीन परत रंगवायला होता. खराब लाईनवर कचरा अक्षरं यायची ना, ती पुसायला. एनव्हीआय आणि बिझीबॉक्स दोघांनी तो अर्थ तसाच ठेवला. व्हिमने ती कळ रिडूला दिली, स्क्रीन रंगवायला व्हिममध्ये कंट्रोल-एल.

देवगडचा_आबा
एकच पायरीचा अनडू असताना आम्ही काय करायचो ते पण लिहून ठेवतो, एआयएक्सवर उपयोगी पडेल. उडवलेल्या ओळी एक ते नऊ नंबरच्या रजिस्टरात, म्हणजे एडिटरच्या आतल्या कप्प्यांत, जाऊन बसतात, सर्वात ताजी एकमध्ये. डबल कोट, एक, पी असं दाबलं की शेवटची उडवलेली ओळ परत येते. ती नको असेल तर यू, मग टिंब, की आपोआप दोन नंबरची येते. परत यू, टिंब, तीन नंबरची. असं हवी ती सापडेपर्यंत. व्हिममध्येही चालतं. एनव्हीआयमध्ये मात्र यूनंतरचा टिंब अनडू पुढे नेतो, भाऊंनी वर सांगितलं तसं, म्हणून तिथे थेट नंबर देऊन डबल कोट, तीन, पी असं करावं.

चिपळूणकरीण
बाणांचं मी सांगते, कारण हे मी नव्या मुलांना दर वेळी समजावते आणि एकदा कळलं की परत विसरत नाहीत.
बाणाची कळ ही टर्मिनलच्या दृष्टीने एक अक्षर नसतं, तीन बाईट जातात. पहिला एस्केप, दुसरा कॅपिटल ओ, तिसरा वर असेल तर ए, खाली बी, उजवीकडे सी, डावीकडे डी. आता एडिटर इन्सर्टमध्ये आहे आणि त्याला हे तीन बाईट एकत्र ओळखता येत नाहीत असं समजा. एस्केप आला, तो इन्सर्टमधून बाहेर पडला. ओ आला, त्याने नेहमीप्रमाणे वर नवीन ओळ उघडली आणि परत इन्सर्टमध्ये गेला. मग ए आला, तो त्याने इमानदारीने टाईप केला. म्हणजे एडिटर बिघडलेला नाही, त्याने तुमचे तिन्ही हुकूम बरोब्बर पाळले.
डेबियनच्या नव्या सर्व्हरवर पूर्ण व्हिम नसतो, व्हिम-टायनी असतो, आणि व्हीआय नावाने सुरू केला की त्याची सेटिंग फाईल कम्पॅटिबल, म्हणजे जुन्या व्हीआयसारखं वागायचा ऑप्शन, चालू करते. त्यात एस्ककीज नावाचा ऑप्शन बंद होतो, आणि एस्ककीज बंद म्हणजे इन्सर्टमध्ये एस्केपने सुरू होणाऱ्या कळा ओळखायच्या नाहीत. कोलन, सेट नोकम्पॅटिबल, एवढं केलं की बाण सुधारतात. बॅकस्पेसचंही तिथेच आहे, बॅकस्पेस ऑप्शनमध्ये इंडेंट, ईओएल आणि स्टार्ट हे तिन्ही घातले की आधी लिहिलेलंही खोडता येतं, नाहीतर इन्सर्ट जिथून सुरू केला त्याच्या मागे तो जाऊ देत नाही. किंवा सरळ पूर्ण व्हिम बसवा, म्हणजे प्रश्नच मिटला. व्हिम ८ पासून स्वतःची सेटिंग फाईल नसेल तर तो एक बऱ्यापैकी शहाणी डिफॉल्ट फाईल आपणहून वाचतो.
आणि एक गोष्ट आपल्याकडच्या लाईनसाठी फार महत्त्वाची आहे. एनव्हीआयला इन्सर्टमध्ये बाण कळतात, पूर्ण व्हिमलाही कळतात, पण सगळ्यांना एकच अडचण आहे, नुसता एस्केप आला की बाणाचा एस्केप आला हे ठरवायला पुढचा बाईट येतो का याची थोडी वाट बघावी लागते. लाईन रडतखडत असेल आणि एस्केप आधी आणि बाकीचे दोन बाईट अर्ध्या सेकंदाने पोचले तर चांगल्या एडिटरमध्येही बाण फुटू शकतो. व्हिममध्ये ही वाट बघायची वेळ टीटाइमआउटलेनने वाढवता येते, एनव्हीआयमध्ये एस्केपटाइमने, पण वाढवली की साधा एस्केपही तेवढा उशिरा लागू होतो. एच जे के एल हे एकेक बाईट आहेत. एक बाईट अर्धा पोचत नाही. पावसाळ्यात मी बाणांना हातच लावत नाही.

हर्णै_जेटी
ताई, खूपच भारी समजावलंत. लॅबमध्ये सरांना दाखवते उद्या.
निओव्हिमचं मी लिहू का? मी तेच वापरते. २०१४ मध्ये थियागो दे अरुडाने व्हिमचा कोड वेगळा काढून निओव्हिम सुरू केला, कारण त्याला व्हिममध्ये पाठीमागे कामं चालवायची सोय हवी होती आणि ती आत घेतली जात नव्हती. कम्पॅटिबल मोड त्यांनी काढूनच टाकला, म्हणजे ए बी सी डी चा प्रश्नच नाही. लुआ या भाषेत सेटिंग लिहिता येतं, आणि २०२१ च्या ०.५ पासून एलएसपी आतच आहे, म्हणजे सी किंवा पायथन लिहिताना फंक्शन कुठे आहे, चूक कुठे आहे हे एडिटरच सांगतो. काही कळा वेगळ्या आहेत. कॅपिटल वाय व्हिममध्ये पूर्ण ओळ कॉपी करतो, निओव्हिममध्ये कर्सरपासून ओळीच्या शेवटपर्यंत, आणि कॅपिटल क्यू जुन्या व्हीआयमध्ये एक्स मोडमध्ये नेतो तर इथे शेवटचा रेकॉर्ड केलेला मॅक्रो परत चालवतो. मला वाटतं आता शिकायचं तर निओव्हिमच शिकावं, बाकीचे जुने झाले.

देवगडचा_आबा
बाळा, तू लिहिलंस ते बरोबर आहे, पण शेवटचं वाक्य मला पटत नाही. तू उद्या नोकरीला लागशील, रात्री अडीच वाजता कोणाचं तरी मशीन अर्धवट उठलेलं असेल, त्यावर निओव्हिम नसेल, नेटही नसेल बसवायला. तिथे जो असेल तो व्हीआय. पॉझिक्समध्ये एक्स आणि व्हीआय लिहिलेले आहेत म्हणून कुठल्याही युनिक्सवर ते असण्याची शक्यता सर्वात जास्त. तेवढं मूळचं हातात असू दे, मग घरी काय हवं ते वापर.

हर्णै_जेटी
हो आबा, ते खरंय. मग मूळचं म्हणजे नक्की काय काय धरायचं? व्हिममधलं काय तिकडे चालत नाही?

वेंगुर्ला_दीपगृह
मी सांगतो जे मला रोज नडतं ते. व्हिज्युअल मोड, म्हणजे व्ही दाबून निवडायचं, मूळ व्हीआयमध्ये नाही आणि एनव्हीआयमध्येही नाही. त्याऐवजी मार्क वापरायचा, एम ए ने खूण, मग डी आणि तिरकं अवतरण आणि ए. सीआयडब्ल्यू, म्हणजे शब्दाच्या मधे असतानाही पूर्ण शब्द बदलायचा, ही व्हिमची देणगी, तिथे बी दाबून शब्दाच्या सुरुवातीला जायचं आणि मग सीडब्ल्यू. शोधताना व्हिममध्ये एक किंवा जास्त यासाठी बॅकस्लॅश प्लस चालतं, एनव्हीआयमध्ये त्यासाठी सेट एक्स्टेंडेड करावं लागतं आणि मग नुसतं प्लस. मूळ व्हीआयमध्ये एका ओळीला १०२४ अक्षरांची मर्यादा होती, आजची लॉगची एक ओळ सहज त्याच्या बाहेर जाते, एनव्हीआयने ती काढली, मेमरी असेल तेवढी ओळ.
पण उद्गारचिन्ह मूळ व्हीआय, एनव्हीआय, व्हिम तिन्हींत आहे बरं का. उद्गारचिन्ह, महिरपी कंस, मग सॉर्ट. पुढचा परिच्छेद सॉर्टमधून जाऊन परत जागेवर. एडिटरने स्वतः सगळं करायचं नाही, बाकीची युनिक्स आहे ना शेजारी, हा मूळ विचार मला सगळ्यात आवडतो आणि एनव्हीआयमध्ये तो सगळ्यात स्वच्छ दिसतो.

मालवणी_झील
माका एक इचारूचा होता. मी कुडाळसून मुंबैक जाताना गाडीत काम करतंय. भोके सुटला काय करबुड्याचो बोगदो, साडेसहा किलोमीटर, नेट गेलाच म्हणून समजा. भायर इल्यावर नवीन लॉगिन करून तीच फायल व्हिममध्ये उघडलंय तर मोठो लाल मेसेज येता, स्वॅप फायल आसा म्हणून, आणि रिकव्हर करू की काय करू असा इचारता. मगे काय करूचा? रिकव्हर दाबूचा काय?

चिपळूणकरीण
थांब, लगेच रिकव्हर दाबू नको. आधी तो मेसेज पूर्ण वाच. त्यात प्रोसेस आयडी असतो आणि त्याच्यापुढे स्टिल रनिंग लिहिलंय का ते बघ. बोगद्यात तुझी लाईन तुटली हे तुला माहीत आहे, सर्व्हरला माहीत नाही. त्याच्या दृष्टीने तू अजून तिथेच बसलायस, त्यामुळे तुझा जुना व्हिम तिकडे जिवंत असतो, कधीकधी बराच वेळ. तो जिवंत असताना दुसऱ्या बाजूने रिकव्हर केलंस तर एकाच फाईलवर दोन एडिटर बसतील.
स्टिल रनिंग असेल तर क्यू दाबून बाहेर ये, आणि किल, मायनस हप, तो नंबर, असं दे. हप सिग्नल मिळाला की व्हिम सगळं न सेव्ह केलेलं काम स्वॅप फाईलमध्ये उतरवतो आणि मग बंद होतो. किल मायनस नऊ अजिबात देऊ नको, त्यात त्याला उतरवायला संधीच मिळत नाही. आता व्हिम मायनस आर आणि फाईलचं नाव. उघडली की मूळ नावावर न लिहिता दुसऱ्या नावाने सेव्ह कर, डिफने दोन्ही ताडून बघ, पटलं की मग मूळ फाईल बदल आणि स्वॅप फाईल स्वतःच्या हाताने पूस. ती पुसली नाहीस तर पुढच्या वेळी परत तोच मेसेज.
लाईट जाऊन सर्व्हरच बंद पडला तर किती जातं हेही सांगते. व्हिम दर २०० अक्षरांनी, किंवा तू ४ सेकंद थांबलास की, स्वॅप फाईल लिहितो. म्हणजे गेलं तर शेवटचं एखादं वाक्य. ही फाईल त्याच फोल्डरात टिंबाने सुरू होणाऱ्या नावाने असते, निओव्हिमने मात्र ती होम फोल्डरच्या आत वेगळ्या जागी ठेवायला घेतली आहे, त्यामुळे तिकडे एलएस करून दिसली नाही म्हणून घाबरू नये.

वेंगुर्ला_दीपगृह
एनव्हीआयमध्ये हेच जरा वेगळं आहे. तिथे दुसऱ्यांदा फाईल उघडली की मेसेजचा डोंगर येत नाही, एकच ओळ येते की फाईल लॉक आहे, हे सत्र फक्त वाचायला. जुना एनव्हीआय हपने बंद केला की तो काम व्हार टेम्पमधल्या व्हीआय डॉट रिकव्हर या फोल्डरात ठेवतो. नुसतं व्हीआय मायनस आर दिलं की काय काय वाचलंय त्याची यादी. यंत्र धडकन बंद पडून परत उठलं तर फ्रीबीएसडी चालू होताना तुम्हाला मेल पाठवतं की तुमची अमुक फाईल वाचवून ठेवली आहे. मेल पाठवायची पद्धत मूळ व्हीआयपासूनची. मूळ व्हीआयमध्ये लॉक मात्र नाही, दोघांनी एकच फाईल उघडली तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचं राहतं.

मालवणी_झील
ताई, भाऊ, लय बरां वाटला वाचून. हप दिलंय आणि सगळा परत मिळाला. खरा सांगूचा तर मी टीमक्स, म्हणजे लाईन तुटली तरी सत्र चालू ठेवणारो प्रोग्राम, लावलंय आता सर्व्हरवर, बोगद्यातसून भायर इलंय काय अटॅच करतंय, एडिटर तसोच उघडो.

मिऱ्या_किनारा
टीमक्स हे बेस्टच. पण राउटरवर टीमक्स नाही ना. तिथे बिझीबॉक्सचा व्हीआय आहे, त्यात हे स्वॅप वगैरे आहे का?

वेंगुर्ला_दीपगृह
नाही. बिझीबॉक्समध्ये सगळ्या कमांड मिळून एकच छोटी फाईल असते, मुळात १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्सने डेबियनच्या इन्स्टॉल फ्लॉपीत सगळं मावावं म्हणून सुरू केलेलं ते. त्यातला व्हीआय त्या जागेत बसेल एवढाच. कापडाच्या मापात शर्ट बेतलाय. लाईन गेली की न सेव्ह केलेलं गेलं. म्हणून राउटरवर सेटिंग फाईल बदलताना आधी सीपीने कॉपी काढायची, कॉपीवर काम करायचं, दर दोन ओळींनी कोलन डब्ल्यू, आणि शेवटी एमव्हीने जागेवर. नेटवर्कची फाईल असेल तर हे अगदी नियमाने कर, कारण ती अर्धवट लिहिलेली राहिली तर राउटरपर्यंत पोचायचाच रस्ता बंद.
अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्येही हाच व्हीआय असतो, म्हणून डॉकरवाल्यांनाही हे लागू.

चिपळूणकरीण
मराठीचं कोणीच बोललं नाही अजून म्हणून मी लिहिते, कारण मला तेच सगळ्यात जवळचं आहे. मी गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवते, एका ओळीत एक पुस्तक, सॉर्ट आणि ग्रेपने सगळं काम होतं. सगळी देवनागरीत.
यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाईटमध्ये साठवायच्या आजच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाईटचं. व्हिममध्ये क वर कर्सर ठेवून जी आठ दाबा, खाली ई शून्य, ए चार, नऊ पाच असे तीन बाईट दिसतात. कि असेल तर सहा, कारण वेलांटी वेगळं चिन्ह आहे. मूळ व्हीआय इंग्रजीपुरताच होता, त्यात हे चालत नाही. बिझीबॉक्समध्ये उघडू नका, अक्षरं धड दिसत नाहीत आणि एक्स दाबला तर एका अक्षराचा तुकडा उडून बाकीचा कचरा उरतो. फ्रीबीएसडीने २०१३ च्या सुमारास एनव्हीआय-टू घेतला, त्याला यूटीएफ-८ कळतं.
व्हिममध्ये काना, वेलांटी, मात्रा या मागच्या अक्षराला चिकटलेल्या धरल्या जातात. कि वर एक्स दाबला की क आणि वेलांटी दोन्ही जातात. नुसती वेलांटी खोडून वेलांटी दीर्घ करायची तर सेट डेलकम्बाइन करा, मग एक्स आणि बॅकस्पेस शेवटचं चिन्ह तेवढं खोडतात. मी हे कायम चालू ठेवते, ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायला फार सोपं पडतं. जोडाक्षरं मात्र व्हिम दोन घरांत मोजतो, क्ष म्हणजे हलन्त क एक घर आणि ष दुसरं, आणि टर्मिनल ते एकत्र काढतं, त्यामुळे लांब ओळीत कर्सर जिथे दिसतो तिथे असतोच असं नाही. हे व्हिमपेक्षा टर्मिनलवर जास्त अवलंबून आहे, दोन-तीन टर्मिनल बघून बरं वाटेल ते घ्यावं.

हर्णै_जेटी
ताई पण कीबोर्ड मराठीत ठेवला की एस्केपनंतर कमांड चालत नाहीत ना! डीडी दाबायला जावं तर देवनागरी अक्षर येतं. मी दर वेळी कीबोर्ड बदलत बसते.

चिपळूणकरीण
कीबोर्ड इंग्रजीतच राहू दे, बदल व्हिमच्या आत कर. कीमॅप नावाचा ऑप्शन आहे. स्वतःची एक छोटी फाईल लिहायची, वर लोडकीमॅप, खाली प्रत्येक ओळीत डावीकडे इंग्रजी कळ आणि उजवीकडे देवनागरी अक्षर. ती व्हिमच्या कीमॅप फोल्डरात ठेवली आणि सेट कीमॅप केलं की मराठी फक्त इन्सर्टमध्ये लागू होतं. एस्केप दाबलास की डीडी म्हणजे डीडीच. मधेच इंग्रजी शब्द लिहायचा असेल तर इन्सर्टमध्ये कंट्रोल आणि सहाच्या कळीवरचं टोपीचं चिन्ह, परत दाबलं की परत मराठी. निओव्हिममध्येही असंच चालतं. माझी फाईल इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डाच्या मांडणीप्रमाणे आहे, इथे टाकते संध्याकाळी.

देवगडचा_आबा
वा. हे मला माहीत नव्हतं, ती फाईल नक्की टाका. व्हिमबद्दल एक राहून गेलं म्हणून लिहितो. ब्रॅम मूलेनारने १९८८ मध्ये अमिगावर स्टीव्हीचा कोड घेऊन सुरुवात केली, १९९१ मध्ये लोकांना दिला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाईपर्यंत तो स्वतः त्यावर काम करत होता. पैसे मागितले नाहीत, वापरणाऱ्यांनी युगांडातल्या किबाले गावच्या मुलांसाठी काही द्यावं एवढंच म्हटलं. व्हिम नुसता उघडलात तर पहिल्याच स्क्रीनवर ती ओळ अजून असते. कोणी वाचत नाही, पण वाचावी.

मिऱ्या_किनारा
आबा, ती ओळ रोज बघतो पण त्याखाली हेल्पची कमांड दिली आहे ती आज पहिल्यांदा दाबली. वाचतोय.
बाकी कामाचं: फ्रीबीएसडीवर आता टिंबाने अनडू, डेबियनच्या सगळ्या सर्व्हरवर पूर्ण व्हिम बसवून झाला, राउटरला कॉपी काढून एमव्ही. एआयएक्सवाल्या क्लायंटकडे काही बसवता येत नाही, तिथे आबांचं डबल कोट एक पी. ताई, इनस्क्रिप्टच्या फाईलची वाट बघतो, ऱ्य आणि ऱ्हचा र त्यात कसा बसवलाय तेही लिहा, मिऱ्या लिहायला लागतं मला.

चिपळूणकरीण
तो वेगळ्या कळीवर ठेवलाय, यू+०९३१, खाली नुक्ता असलेला र. त्याच्यापुढे हलन्त आणि य आला की ऱ्य बरोबर उमटतो. लाईट आली की टाकते.